गॅलरीला काचा लावल्या, पण आत कुठलं लाकूड ठेवायचं?

प्रति,
संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या घर पुरवणीत हल्ली आठवड्याआड बंद गॅलरीचे फोटो येतात, स्लायडिंगच्या काचा, कुंड्या, मधोमध लाकडी झोपाळा आणि खाली एक ओळ की 'सॉलिड वुडचं फर्निचर घ्या, वर्षानुवर्षं टिकतं'. कुठलं सॉलिड वुड ते कुठेच लिहिलेलं नसतं. माझा जन्म लाकडाच्या वखारीत गेला त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितोय, पत्र लांबलं तर खुशाल कापा फक्त लाकडांची नावं कापू नका.

लोकांना वाटतं काच लावली की गॅलरी घरात आली. आपल्यासाठी आली असेल, लाकडासाठी नाही आली. हॉलमधल्या फर्निचरला सावली असते. उघड्या गच्चीवरच्या बाकाला ऊन-पाऊस दोन्ही लागतं पण वारा पण लागतो, भिजलं तरी वाळतं. काचेच्या गॅलरीत मात्र ऊन थेट आत येतं, आलेली गरमी बाहेर जात नाही, आणि पावसाळ्यात काचा बंद असल्या की आतली हवा दमट ती दमटच राहते. त्यात स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकमधून जुलैमधे पाणी आत येतंच येतं, बिल्डर काहीही सांगो, आणि ते पाणी जातं कुठे तर खुर्चीच्या पायाखाली.

आता थोडं आकड्यात सांगतो कारण त्याशिवाय पटत नाही लोकांना. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत खाली येते आणि ऑगस्टमधे ऐंशीच्या वर असते. लाकूड कितीही जुनं असलं तरी हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. हवेत ३० टक्के आर्द्रता असेल तर लाकडात साधारण ६ टक्के ओलावा राहतो, ६५ असेल तर १२ आणि ८० झाली की १६ च्या आसपास. म्हणजे उन्हाळा ते पावसाळा दहा टक्क्यांचा फरक, आणि एवढ्या फरकाला सागाची आडव्या कापाची (वाढीच्या वर्तुळांना समांतर चिरलेली) आठ इंची फळी रुंदीत जवळपास चार मिलिमीटर कमी-जास्त होऊ शकते. प्रत्यक्षात लाकडाला जुळवून घ्यायला वेळ लागतो, पॉलिश असतं, म्हणून तेवढं होत नाही, पण दोन मिलिमीटर तरी धराच. अशा पाच फळ्या एकाला एक चिकटवून टेबलाचा टॉप केला आणि खालून फ्रेमला फेव्हिकॉल-स्क्रूने गच्च जाम केला की मे महिन्यात तो फाटणार, यात सुताराचं नशीब वगैरे काही नसतं. मुंबई-ठाण्यात हा फरक कमी असतो कारण तिथे वर्षभर हवा दमटच, तिथला त्रास बुरशीचा आणि गंजाचा. नागपूरकडे आणखी वेगळीच गंमत, मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि कोरडं ठाक, आणि आत कूलर चालू, म्हणजे एकाच घरात हॉलमधलं लाकूड फुगतंय आणि काचेच्या गॅलरीतलं तडकतंय.

उन्हाचं पण तसंच आहे. साध्या काचेतून उन्हातले यूव्ही-बी (अतिनील) किरण बहुतेक अडतात पण यूव्ही-ए बरेचसे आत येतात, आणि उजेड तर येतोच. लाकडात धागे धरून ठेवणारं जे लिग्निन असतं ते याने खराब होतं, रंग उडतो, आणि वर पॉलिश असेल तर पॉलिशच्या खाली हे चालू असतं त्यामुळे पॉलिश पापुद्रे धरून निघतं. गॅलरी पश्चिमेची असेल तर हे सगळं दुप्पट समजा. काचाच नव्याने बसवणार असाल तर लॅमिनेटेड काच घ्या, दोन काचांमधे जी पीव्हीबीची (पारदर्शक प्लास्टिकची) फिल्म असते ती यूव्ही जवळजवळ सगळा अडवते. महाग आहे, पण झोपाळ्यावर लाखभर घालवणाऱ्या माणसाने काचेत कंजुषी का करावी मला कळत नाही. ते जमत नसेल तर चिकाचे (बांबूच्या कामट्यांचे) पडदे लावा आणि दुपारी खाली सोडा.

आता लाकूड. माझं मत सरळ आहे, काचेच्या गॅलरीत पहिली पसंती साग. ऐट म्हणून सांगत नाही. साग इतर लाकडांच्या मानाने कमी हलतो, ओल्याचा पूर्ण कोरडा होईपर्यंत आडव्या कापात ६ टक्क्यांच्या आत आकसतो, आणि शोरूममधे मोठ्या कौतुकाने दाखवतात ते स्टीम बीच जवळजवळ १२ टक्के आकसतं, म्हणजे दुप्पट. शिवाय सागात स्वतःचं तेल असतं, गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही. पण हे सगळं गाभ्याचं बरं का. सालीलगतचा जो पांढरट पट्टा असतो त्याला हे गुण नाहीत, त्याला कीड लागते, आणि नेमका तोच पट्टा आजकाल खुर्चीच्या मागच्या पायात, सीटच्या खाली, जिथे डोळा जात नाही तिथे वापरलेला असतो आणि वरून स्टेन मारलेला असतो. खुर्ची उलटी करून बघा. दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

साग म्हणजे कुठला साग हाही प्रश्न आहेच. आपल्याकडे विदर्भातल्या बल्लारशा (म्हणजेच बल्लारपूर), आलापल्लीचा माल म्हणजे नाव होतं आणि अजून आहे, व्यापारी लोक अजून त्याला सीपी टीक म्हणतात, सीपी म्हणजे जुना मध्य प्रांत, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी २०२३ मधे बल्लारपूरहूनच सागवान गेलं ते सगळ्यांनी बातम्यांत बघितलं. पण दुकानात तुम्हाला 'बर्मा टीक' सांगतील. म्यानमारने, म्हणजे पूर्वीच्या बर्माने, १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, त्यानंतर कापीव माल आला तो आला, पण गल्लीतल्या दर दुसऱ्या दुकानात बर्मा टीक कुठून येतं याचं उत्तर कोणी देत नाही. बराचसा माल घाना, नायजेरिया, बेनिन, ब्राझील, इक्वाडोर अशा देशांतल्या लागवडीचा असतो, गुजरातेत कांडला-मुंद्रा बंदरात उतरतो आणि गांधीधामच्या सॉ मिलमधे कापला जातो. तो वाईट असतो असं अजिबात नाही. पण कमी वयाची झाडं असतात, त्यात पांढरा भाग जास्त निघतो, म्हणून निवडून घ्यावा लागतो आणि भावही त्याप्रमाणे पाहिजे. बर्माच्या भावात इक्वाडोर विकणं याला माझा विरोध आहे, इक्वाडोरला नाही.

सगळ्यात चांगलं म्हणाल तर जुनं सागवान, वाड्यांमधून निघालेलं. पुण्यात पेठांमधले वाडे पडले तेव्हा तुळया, खांब, दारं सगळं भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या बाजूला येऊन पडायचं, अजूनही येतं थोडंफार. त्या लाकडाने कित्येक उन्हाळे-पावसाळे बघितलेले असतात, जे वाकायचं ते वाकून झालेलं असतं, जी चीर पडायची ती पडून गेलेली असते. खिळ्यांची भोकं असतात, कापताना आत राहिलेला खिळा लागून करवतीचं पातं जातं म्हणून मिलवाला कापायला कुरकुर करतो आणि मजुरी जास्त लावतो, आणि वाळवीने आतून पोखरलेलं आहे का ते ठोकून बघावं लागतं, पोकळ आवाज येतो. एवढं केलं तर काचेच्या गॅलरीसाठी याच्यासारखं दुसरं लाकूड नाही. फक्त भोकं पुटी भरून लपवू नका, राहू दे ना दिसली तर.

कोकणातल्या लोकांनी मात्र सागाच्या मागे धावायची गरज नाही, त्यांच्याकडे फणस आहे. ताजा कापला की पिवळाधम्मक दिसतो म्हणून शहरातले लोक नाक मुरडतात, पण उजेडात तो गडद होत जातो, मधासारखा तपकिरी, म्हणजे ज्या उन्हाने बाकीची लाकडं फिकी पडतात तिथे फणसाचा रंग उलट चढतो. जुन्या घरांची दारं, खांब फणसाचे आहेत आणि पडवीत पावसाचे तुषार खात उभे आहेत. अट एकच, सावलीत सावकाश वाळलेला पाहिजे, घाईने उन्हात टाकला की फाटतो. ऐन, किंजळ ही तुळईची लाकडं, जड आणि चिरणारी, फर्निचरला नकोत. बाभूळ मात्र उगाच बदनाम आहे, बैलगाडीची चाकं आणि औतं तिच्यावर चालली, जाड पायाचं स्टूल किंवा बाक करायला मजबूत आणि स्वस्त. ऑनलाइन जे 'अकेशिया' म्हणून येतं ते बऱ्याचदा व्हिएतनामकडचं लागवडीचं लाकूड असतं, आपली गावची बाभूळ समजून घेऊ नका.

शिसव बंद गॅलरीत ठेवू नये असं मी म्हणतो आणि लोकांना आश्चर्य वाटतं. लाकूड उत्तम आहे, टिकाऊ आहे, त्याबद्दल वाद नाही. पण शिसवीचा सगळा मान त्या जांभळट काळ्या रंगात आणि तो रंग उजेडात उतरतो. एवढं दुर्मिळ लाकूड घ्यायचं आणि ते उन्हात ठेवून फिकट तपकिरी करायचं हे मला बघवत नाही, दिवाणखान्यात ठेवा ते. गोव्यातल्या जुन्या घरात शिसवीच्या, सागाच्या वेताने विणलेल्या खुर्च्या बंद व्हरांड्यात ठेवलेल्या दिसतात हे खरं, पण तिथल्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे तुकडे बसवलेले असायचे, उजेड गाळून मऊ होऊन आत यायचा. आणि हो, वेताचं विणकाम कोरड्या उन्हाळ्यात कडक होऊन तुटतं, एप्रिल-मेमधे अधूनमधून सीटच्या खालच्या बाजूने पाण्याचा हलका फवारा मारा, वरून नको.

राजस्थानकडून जे शीशम येतं (शिसवीच्या नात्यातलं, पण वेगळं लाकूड), ऑनलाइन सगळीकडे तेच आहे, ते भट्टीत नीट वाळवलेलं असेल तर चालतं. गडबड कुठे होते तर जोधपूरच्या कोरड्या हवेत ड्रॉवर अगदी फिट बसवलेला असतो आणि तो जूनमधे रत्नागिरीला किंवा ठाण्याला येतो, लाकूड फुगतं, ड्रॉवर अडकतो, आणि मग रिव्ह्यूमधे एक स्टार. ड्रॉवरला फट ठेवा असं ऑर्डर देतानाच सांगायला पाहिजे. आंब्याचं लाकूड औषध मुरवलेलं असेल तरच घ्या, नाहीतर वर्षभरात कीड लागून खाली पीठ पडायला लागतं. रबरवुडचं तसंच, केरळात चीक काढून झालेली झाडं असतात ती, लाकडात स्टार्च भरपूर म्हणून कीड लागते, त्यासाठी बोरॉनचं औषध दाबाने आत भरतात, पण ते औषध पाण्यात धुऊन जातं. ट्रॅकमधून पाणी येणाऱ्या गॅलरीत रबरवुड नको. ॲश, बीच दिसायला छान, घरात ठेवा.

लाकूड निवडून अर्धंच काम होतं, जोडणी बाकी राहते. जुन्या सुतारांनी दिलेदार दारं का केली? दिला म्हणजे चौकटीतली मधली फळी, ती चौकटीच्या खाचेत सुटी बसवायची, चिकटवायची नाही, मग ती फुगू दे आकसू दे, चौकट जागची हलत नाही. गॅलरीतल्या कपाटाला, बाकाच्या पाठीला हीच पद्धत पाहिजे. टेबलाचा टॉप एकसंध नको, तीन-साडेतीन इंचाच्या पट्ट्या आणि मधे बारीक फट, कचरा पडतो म्हणून बायका-पुरुष दोघंही नाराज होतात पण टॉप फाटण्यापेक्षा बरं. एकसंधच हवा असेल तर खालची स्क्रूची भोकं लांबट ठेवायला सांगा म्हणजे टॉपला सरकायला जागा राहते. सांधा कुसू (लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ) भोकात बसवून केलेला हवा, नुसत्या खिळ्या-स्क्रूवर नाही. स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे, कारण लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) दमट हवेत एकत्र आलं की काळे डाग पडतात आणि ते पॉलिशने झाकले जात नाहीत. पायांच्या खाली नायलॉनचे किंवा रबरी बूट लावा, पाय पाण्यात उभा राहिला की लाकूड तळाकडून पाणी ओढतं.

पॉलिशचं थोडक्यात. लाखेचं फ्रेंच पॉलिश गॅलरीत नको, उन्हाने मऊ पडतं आणि पाण्याने पांढरे डाग धरतं. मेलामाइन घरातलं पॉलिश आहे, उन्हात पिवळं पडून तडकतं. पीयू (पॉलियुरेथेन) करायचं तर बाहेरच्या कामाचं, यूव्ही अडवणारं मागा, डब्यावर तसं लिहिलेलं असतं, आणि सागाला पॉलिश करायच्या आधी पृष्ठभाग थिनरने पुसून तेल काढलं पाहिजे नाहीतर ते धरत नाही. मला विचाराल तर सागाला आणि फणसाला जवसाच्या तेलाचा हात द्यावा, वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर, सोलायचं काम नाही की घासायचं नाही. त्याचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप तापून पेट घेतात, पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. आणि काहीही लावा, ते खालच्या बाजूलाही लावा. वरून चकाचक आणि खालून कोरं ठेवलं की एक बाजू जास्त ओलावा घेते आणि फळी वाटीसारखी वळते. दहातले नऊ सुतार खालची बाजू सोडून देतात कारण गिऱ्हाईक खाली बघत नाही.

अजून एक, लोक ऑर्डर कधी देतात? गणपतीत. 'दिवाळीच्या आत पाहिजे'. म्हणजे लाकूड कापलं जातं आणि जोडलं जातं ते ऑगस्ट-सप्टेंबरमधे, जेव्हा हवा सगळ्यात दमट, लाकूड सगळ्यात फुगलेलं. मग मार्चपासून सांधे उघडायला लागतात. मे महिन्यात केलेल्याचं उलटं, पावसात फुगून अडकतं. नोव्हेंबर-डिसेंबरात काम करून घ्या, त्या वेळी लाकडातला ओलावा मधल्या पातळीवर असतो. ओलावा मोजायचं पिनांचं मीटर मिळतं, फार महाग नाही, लाकडाला टोचलं की आकडा दाखवतं, पुण्यासाठी दहा-बारा टक्के दिसलं तर ठीक, अठरा-वीस दिसलं तर पैसे देऊ नका.

परदेशातल्या मंडळींसाठी पण लिहितो कारण तिकडे तर सनरूम असतेच आणि इकडून झोपाळा मागवायची हौस असते. शिसव, शीशम ज्या गटातलं आहे त्या डाल्बर्जियाची जवळजवळ सगळी झाडं २०१७ पासून साइट्सच्या (दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोनमधे आहेत, तयार वस्तूत हे लाकूड दहा किलोपेक्षा जास्त असेल तर ती पाठवायला कागदपत्रं लागतात. पाच फूट बाय दोन फूट, दीड इंच जाडीची साधी सागाची फळीसुद्धा वीस किलोच्या वर जाते, शिसव तर त्याहून जड. तेव्हा सागाचाच मागवा. न्यू जर्सीत हिवाळ्यात हीटर लावल्यावर घरातली हवा पुण्याच्या एप्रिलसारखी कोरडी होते, त्यामुळे मुंबईच्या दमट हवेत बनवलेला झोपाळा तिकडे पहिल्याच थंडीत फाटतो, लोक इथल्या सुताराला शिव्या देतात. आठ टक्क्यांपर्यंत वाळवलेलं लाकूड मागा आणि बनवणाऱ्याला कुठे जाणार आहे ते आधीच सांगा.

आता मुद्द्याची मागणी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे वस्तूचा दर्जा, शुद्धता, किंमत यांची माहिती मिळणं हा आपला हक्क आहे. मग लाखाच्या फर्निचरच्या बिलावर नुसतं 'वुडन सोफा सेट १ नग' का असतं? लाकडाचं नाव, कुठलं आहे, गाभ्याचं की मिश्र, देताना ओलावा किती टक्के, पॉलिश कुठलं, एवढं लिहिलं पाहिजे. सरकारी डेपोतून निघणाऱ्या ओंडक्यावर वनविभागाच्या हातोड्याचा शिक्का असतो, नंबर असतो, सगळा हिशोब असतो, आणि तेच लाकूड शोरूममधे आलं की एकदम अनामिक होतं. ग्राहक पंचायतीने यात लक्ष घालावं. प्रामाणिक दुकानदारांना यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट त्यांचा माल वेगळा दिसेल.

आणि तुमच्यासाठी एक, गॅलरी सजवण्याचे फोटो छापा ना, आवडतात मलाही. पण त्या फोटोखाली लाकूड कुठलं, गॅलरीचं तोंड कुठल्या दिशेला आणि फोटो कुठल्या महिन्यात काढला एवढं द्या. आणि जमलं तर तोच सेट दोन पावसाळ्यांनंतर परत छापा.

आपला,
एक जुना वाचक, पुणे